समुद्राचं गुळगुळीत पाणी आणि कन्हानकाठचा माझा भाऊ

पूर्वाने आधी समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेत नाव नोंदवलं आणि मग घरात सांगितलं. मला हा क्रम फार आवडला. पूर्वा म्हणजे माझी भाची, धाकट्या भावाची, विलासची एकुलती एक मुलगी. वय एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष, आणि शाळेपासून रोज पहाटे तरण तलावावर. नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र दिसायला अख्खी रात्र प्रवास करावा लागतो. अशा गावातली पोरगी समुद्रात पोहणार म्हटल्यावर वहिनीने कपाळावर हात मारला आणि माझी मान ताठ झाली.

वहिनी शिक्षिका, तिच्या शाळेत परीक्षा सुरू होत्या. विलास जाणार हे तर न बोलता ठरलेलं. "आत्या पण येईल," पूर्वा म्हणाली. का, ते मला गाडीत बसल्यावर कळलं.

विलासबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही मूळचे कामठीचे. घरापासून कन्हान नदी चालत जाण्याइतकी, आणि विलास तिथेच पोहायला शिकला. गणपती विसर्जनाला कोणाचा पाय खोलात गेला की पहिली उडी त्याची. माणसं काढली, एकदा म्हैस काढली, आणि एका नवरदेवाची चप्पलसुद्धा काढून दिली. कामठीत आजही त्याला 'उडीवाला विलास' म्हणतात आणि त्याला ते फार आवडतं. आता नागपूरच्या महाल भागात त्याचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे, पोट सुटलंय, बीपीची गोळी सुरू आहे. मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि त्याचा उजवा खांदा माझ्याच हाताखाली असतो, त्यामुळे त्या उड्यांमध्ये आता किती दम उरलाय हे मला ठाऊक आहे. त्याला मात्र ठाऊक नव्हतं.

तुम्ही विदर्भातून तळकोकणात जाणार असाल तर नागपूर-मडगाव गाडी सगळ्यात सोपी. रोज नसते, म्हणून आधी वेळापत्रक बघा आणि तिकीट लवकर काढा, डिसेंबरात जागा मिळता मिळत नाही. दुपारी बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुडाळला उतरता. डबा घरचाच घ्या. आमच्याकडे तिखट पुऱ्या, सांबारवडी, शेंगदाण्याची चटणी आणि संत्र्यांची पिशवी होती. सांबारवडीचा वास सुटल्याबरोबर समोरच्या बाकावरचं पुण्याचं जोडपं आमच्याशी बोलायला लागलं. कोथिंबिरीला आम्ही सांबार का म्हणतो, हे समजावण्यात अकोला गेलं.

अकोल्यानंतर पूर्वाने मुद्दा काढला.

"बाबा, एक सांगायचं आहे. मी पाण्यात असताना काहीही झालं तरी तुम्ही पाण्यात यायचं नाही."

विलासने संत्र्याची फोड तोंडात तशीच धरली. "काहून?"

"तुम्हाला नदी येते. समुद्र येत नाही."

"पाणी म्हणजे पाणी वं. मी बाप आहो तुझा."

"म्हणूनच सांगते. स्पर्धावाल्यांनी आम्हाला ऑनलाइन वर्गात शिकवलं. वाचवायला गेलेली माणसंच जास्त अडकतात, आणि त्यात घरचे असतात. हो म्हणा. नाहीतर मी भुसावळला उतरते आणि घरी जाते."

विलासने माझ्याकडे बघितलं. मी सांबारवडीकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की मला कशाला आणलंय. बापाला धरून ठेवायला कोणीतरी मोठं माणूस हवं होतं. शेवटी विलास "हो बाई" म्हणाला. पण दुकानात गिऱ्हाईकाला "संध्याकाळी देतो" म्हणताना त्याचा जो चेहरा असतो, तोच तेव्हा होता.

कुडाळहून किनाऱ्यापर्यंत रिक्षा केली. एसटीही जाते आणि बरीच स्वस्त पडते, पण तिघांचं सामान होतं. आम्ही ज्या गावात उतरलो त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, बरं झालं, आपण त्या दुसऱ्या बीचवर जातोय. जे पुढे सांगणार आहे ते कुठल्याही किनाऱ्यावर होऊ शकतं, तुमच्या आवडत्यासुद्धा.

राहायला एका घरगुती ठिकाणी दोन खोल्या घेतल्या, माडांच्या बागेत. मालकीण काकी स्वतः रांधायच्या. रात्री बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. मी आणि पूर्वा बोटं चाटत होतो. विलास भातावर तर्री शोधत होता. "मासा चांगला आहे, पण झणका नाही," असं म्हणून त्याने पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढली आणि बांगड्याबरोबर खाल्ली. काकींनी ते बघितलं आणि देवाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या ठिकाणी सराव दुपारी होता, बोटी आणि जीवरक्षक वगैरे असताना. पूर्वाला तेवढा दम कुठला! समुद्र दारात आणि ही खोलीत बसणार? "फक्त कमरेइतक्या पाण्यात," असं सांगून ती आम्हाला सकाळीच किनाऱ्यावर घेऊन गेली. काकी गोठ्यात होत्या, त्यांना काही विचारलं नाही.

किनारा सुंदरच. इतक्या सकाळीही बरीच गर्दी होती. कॉलेजची पोरं, एक मोठं कुटुंब, फोटो काढणारे, रबरी चाकं कमरेला घातलेली लहान मुलं. वाळूत एक लाल फलक होता, त्यावर कोणीतरी ओले कपडे वाळत घातले होते. परत जाताना मी टॉवेल बाजूला करून वाचलं, तेव्हा कळलं की त्यावर पोहणं धोक्याचं आहे असं लिहिलेलं होतं आणि खाली भरती-ओहोटीच्या वेळा होत्या. ओहोटी सुरू होती. जीवरक्षकाची उंच खुर्ची रिकामी होती, त्याच्या कामाची वेळ अजून झाली नव्हती.

विलास पाण्याकडे बघत उभा राहिला. तोंडावर अगदी जाणत्याचा भाव. डावीकडे लाटा फुटून पांढरा फेस येत होता, उजवीकडेही तसाच. मध्ये मात्र एक पट्टा होता, जिथे लाट फुटतच नव्हती. पाणी जरा गडद, थोडं मातकट आणि गुळगुळीत.

"इथून उतर वं," तो म्हणाला. "पाह्य, कसं शांत आहे. तिकडं पाणी उसळून राहिलं, खाली दगड असतील."

कन्हानमध्ये हे शंभर टक्के बरोबर आहे. नदीत जिथे पाणी उसळतं तिथे खाली खडक असतो, जिथे गुळगुळीत तिथे खोल आणि मोकळं. लहानपणापासून आम्ही तेच बघत आलो. समुद्रात याच्या नेमकं उलट असतं. लाटा जे पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात त्याला परत जायला वाट लागते आणि ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जातं. त्या पट्ट्यात वाळू खरवडून खोल चर पडलेला असतो, म्हणून तिथे लाट फुटत नाही आणि वरून सगळं शांत दिसतं. यालाच रिप करंट म्हणतात. पूर्वाला हे शिकवलेलं होतं. पण वर्गातल्या चित्रात पाण्यावर लाल बाण काढलेले असतात. समुद्रात कोणी बाण काढून ठेवत नाही. त्यात उतरायची जागा बापाने दाखवलेली. ती चष्मा घट्ट करून उतरली.

गुडघा, मांडी, कंबर. मग तिने मागे वळून आमच्याकडे बघून हात केला आणि पुढचं पाऊल टाकलं. ते पाऊल खाली टेकलंच नाही.

पुढचं मला एखाद्या पेशंटकडे बघावं तसं आठवतं, कारण माझी नजर तशीच तयार झाली आहे. तिने वळून किनाऱ्याकडे पोहायला सुरुवात केली. हात सुंदर चालले होते, खांदा पूर्ण फिरत होता, लाथ जोरात. आणि तरी ती लहान होत होती. प्रत्येक हाताबरोबर थोडी लहान. आमच्या मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांनी आधी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं पोरगी किती आत जाते आहे! मग त्यांच्याही लक्षात आलं.

विलासने चपला फेकल्या आणि धावला. मी त्याच्या मागे धावून शर्ट धरला. तो गुडघाभर पाण्यात, मी पोटऱ्यांपर्यंत.

"ताई, मले सोड!"

"विलास, तू हो म्हणाला होतास."

"सोड म्हणतो ना!"

खरं सांगते, मी सोडणार होते. माझी बोटं ढिली पडत होती. आपलं लेकरू आत जात असताना बापाचा शर्ट धरून ठेवायची ताकद माझ्यात नव्हती. तेवढ्यात आत पूर्वाचे हात थांबले. मग दिसलं की ती उताणी झाली आहे. खांदे सैल, मान मागे, तोंड पाण्याच्या वर. ती थकून बुडत नव्हती, तिने झुंजणं मुद्दाम थांबवलं होतं. आणि एक हात तिने सरळ वर केला. मदत मागायची तीच खूण असते आणि ओढ सैल पडली की आधी बाजूला पोहायचं असतं, हे तिने आम्हाला गाडीत सांगितलं होतं.

विलासलाही दिसलं. माझ्या मुठीतला शर्ट आता ओढत नव्हता. मग माझ्या या भावाने, ज्याने आयुष्यात पाणी बघून एकदाही पाय मागे घेतला नव्हता, त्याने पाय मागे घेतला. पुढचा, मग दुसरा. कोरड्या वाळूवर आला आणि म्हणाला, "ओढणी दे."

मी नारंगी ओढणी दिली. त्याने ती डोक्यावर धरून हलवायला सुरुवात केली आणि किनाऱ्याला समांतर, डावीकडे, जिथे लाटा पांढऱ्या फुटत होत्या तिकडे चालू लागला. तिला दिशा दाखवत होता. सरळ इकडे येऊ नको, तिरपी नको, आधी बाजूला ये. मी एका हाताने ११२ लावत होते आणि दुसऱ्याने खुणा करत किनाऱ्याच्या टोकाला उभ्या होडीवाल्यांना हाका मारत होते. ते लांब होते, पण एकाने ऐकलं आणि होडी पाण्यात ढकलायला घेतली.

मोठ्या कुटुंबातला एक माणूस विलासवर ओरडला, "अहो, बाप आहात ना? नुसते ओढणी काय हलवताय? जा की आत!"

विलासने त्याच्याकडे बघितलंही नाही. पण कॉलेजची दोन पोरं शर्ट काढून पाण्याकडे निघाली तेव्हा तो धावत त्यांच्यासमोर गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"कोणीच उतराचं नाही! तिले येता येते! तिले येऊ द्या!"

हे म्हणताना त्याचा आवाज फाटला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मी त्याला उड्या मारताना कैक वेळा पाहिलंय, त्याचे सत्कार पाहिलेत, नारळ-शाल पाहिलीय. मला त्याचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे गेल्यावर ती ओढ सैल पडली. रिप करंट माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो आणि तिथे सोडतो. माणूस बुडतो तो त्याच्याशी झुंजून दम संपल्यामुळे. पूर्वाने दम वाचवला होता. ती पालथी झाली, ओढणीकडे बघितलं आणि किनाऱ्याला समांतर पोहायला लागली. आता हात छोटे आणि संथ होते, तलावात लांबचं अंतर कापताना असतात तसे. पांढऱ्या फेसापर्यंत आली, लाटेबरोबर पुढे सरकली, पुन्हा थांबली, पुढची लाट घेतली. होडी तिच्यापर्यंत पोचली तेव्हा तिचे पाय वाळूला लागले होते. होडीवाल्याने तिला वर घ्यायला हात पुढे केला, तर ती "थँक यू काका" म्हणाली आणि चालत बाहेर आली. उतरली तिथून इतक्या लांब की विलास तिच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

मला वाटलं तो तिला मिठी मारेल. तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी पिशील?"

"बाबा, आत्ता भरपूर प्यायले," ती म्हणाली आणि ओकली. मग दोघंही वाळूत बसले आणि मी त्यांच्या मधे बसून मोठ्याने रडले. कोणीतरी रडायला हवंच होतं, आणि तिघांत मी मोठी होते.

उलटी होऊन गेल्यावर पूर्वा म्हणाली, "मला भीती तुमची वाटत होती. मी मागे बघायची की तुम्ही किती आत आलात. मग ओढणी हलताना दिसली आणि मला पोहता आलं."

घरी काकींनी आमची खरडपट्टी काढली. "माका न इचारता कित्याक गेलात?" त्यानंतर आलं घातलेला चहा आणि गरम घावणे दिले. विलासने चटणी काढली नाही, जे समोर आलं ते मुकाट खाल्लं.

तर तुमच्यासाठी इतकंच. किनाऱ्यावर गेलात की आधी स्थानिक माणसाला विचारा, मग चपला काढा. जीवरक्षक असेल तिथेच आणि तेव्हाच उतरा. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी तर फिरकूच नका. लाटा फुटत असताना मध्येच शांत पट्टा दिसला तर तो टाळा. अडकलात तर उताणे व्हा, हात वर करा, ओढ सैल पडली की बाजूला पोहा. आणि तुमचं माणूस आत असेल तर किनाऱ्यावर राहून मदत बोलवा, चाक, दोरी, रिकामा कॅन, जे तरंगतं ते फेका. हे लिहायला सोपं आहे. ते करताना माणसाचं काय होतं ते मी माझ्या भावाच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

दुपारच्या सरावाला आम्ही गेलो नाही. संध्याकाळी विलासनेच विचारलं, "उद्या बोटी राहतात ना सोबत?" पूर्वा हो म्हणाली. "मग लवकर झोप."

दुसऱ्या दिवशी ती पोहली. केशरी टोप्यांची रांग पाण्यात गेली आणि त्यात आमची कोणती ते आम्हाला अर्धा वेळ कळलंच नाही. पदक मिळालं नाही. ती मधल्या कुठल्यातरी क्रमांकावर आली, पुढे सगळी किनाऱ्यावरची पोरं होती, पाळण्यापासून खारं पाणी बघितलेली. निवेदकाने "नागपूर" असं गावाचं नाव घेतलं तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "नागपूरला कुठे समुद्र?" मी म्हणाले, "नाही. म्हणून तर आलो." माझी मान नागपूर स्टेशन येईपर्यंत ताठ होती, वरच्या बर्थवर झोपूनसुद्धा.

परत आल्यावर मला वाटलं होतं की आता कौतुक होईल. पूर्वाचं झालंही. तलावावरच्या मैत्रिणींनी तिच्याकडून सगळं तीन-तीनदा वदवून घेतलं आणि आता दर रविवारी ती लहान मुलांना उताणं तरंगायला शिकवते. पण गोष्ट कामठीत पोचेपर्यंत तिचं दुसरंच काही झालं होतं. एका लग्नात एका मावशीने मला बाजूला घेऊन विचारलं, "विलास घाबरला म्हणे वं?" विलासला कोणी तोंडावर बोलत नव्हतं, पण 'उडीवाला' हा शब्द लोक जरा वेगळ्या सुरात उच्चारायला लागले होते. त्याला ते कळत होतं. आठवडाभर तो दुकानातून सरळ घरी यायचा.

मग एका शनिवारी मी खांद्याचे व्यायाम करून घ्यायला महालात दुकानावर गेले होते. विलास एका पंपाची मोटर उघडून बसला होता. त्याचा नदीवरचा जुना मित्र किशोर आला, कामठीहून. दोन-चार गिऱ्हाईकं उभी होती. किशोरने चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग न राहवून म्हणाला, "काय गा विलास, खरं आहे का? पोरगी आत जाऊन राहिली होती अन् तू काठावर उभा होता? तू? काहून नाही मारली गा उडी?"

गिऱ्हाईकं पंपांकडे बघायला लागली. मी मधे बोलणार होते, पण विलासने हात वर करून मला थांबवलं. त्याने पान्हा खाली ठेवला, हात फडक्याला पुसले.

"मी उतरलो असतो तर तिले दोघांले काढा लागलं असतं, किशोर," तो म्हणाला. "अन् मी जड आहो. पण तिनं मले सोडलं नसतं गा."